देणे खरे किती?



२०२३ च्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. रविवारची मिस्सा संपली, लोक पांगले आणि आपल्याच धर्मग्रामातील एक विधवा बाई चर्चच्या पायरीवर थांबून राहिल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बँकेचे पासबुक आणि घडी घातलेली एक नोटीस. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, पती २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत गेले, घरी आता त्या आणि म्हातारी सासू. म्हणाल्या, "फादर, निराधारचे पैसे जमा होयलेत, पण हातात पुरते येईनात. बँकवाले म्हणतेत कापून गेले. कशाचे कापले ते काही सांगना गेलेत."

आम्ही पासबुक उलटसुलट करून पाहिले. बारीक इंग्रजी छपाई, शेजारी आकडे. एक आकडा पुन्हा पुन्हा दिसत होता : ११८ रुपये. आम्ही मान हलवली आणि म्हणालो, "मावशी, बँकेचे नियम असतात. मोठ्यांशी कशाला वाद घालायचा? जाऊ द्या. देव पाहून घेईल." मावशींनी पिशवी बंद केली, "बरं फादर" म्हणाल्या आणि गेल्या. आम्हाला वाटले, आपण त्यांना धीर दिला.

पुढे आठ-दहा दिवसांनी एका घरी प्रार्थनेसाठी गेलो होतो. वाचन कोणते घ्यायचे ते त्या घरातील शाळकरी मुलीने ठरवले. तिने लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढला. देवाला न भिणारा आणि माणसांची पर्वा न करणारा न्यायाधीश, आणि त्याच्या दारी पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मागणारी विधवा. हा दाखला आम्ही किती वेळा समजावून सांगितला असेल याची गणती नाही. प्रार्थनेत चिकाटी हवी, एवढेच आम्ही दरवेळी सांगत आलो. त्या दिवशी मात्र एक साधी गोष्ट लक्षात आली. चिकाटीचे उदाहरण देण्यासाठी प्रभू येशूने कोण निवडले? आपल्या हक्कासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी विधवा. तिला "जाऊ द्या, बाई" असे तो म्हणाला नाही. ते आम्ही म्हणालो होतो.

म्हणून मावशींना निरोप धाडला. बी.कॉम. झालेला आपल्या धर्मग्रामातील एक तरुण सोबत घेतला आणि तिघे बसून पासबुक वाचले. वाचल्यावर जे दिसले आणि त्यातून जे प्रश्न उभे राहिले, ते आज मावशींच्या संमतीने आपणापुढे मांडत आहोत. कारण हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. निलंग्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्या ज्या घरात पासबुक आहे, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

पासबुकात दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. पहिली, खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून झालेला दंड. शंभर रुपये दंड आणि त्यावर अठरा रुपये कर. असे चौदा वेळा, म्हणजे १,६५२ रुपये. त्या वेळी मावशींना संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,००० रुपये मिळत. म्हणजे दीड महिन्याहून अधिक अनुदान, खात्यात पैसे नाहीत या अपराधाबद्दल गेले होते. दुसरी गोष्ट कर्जाची. २०१८ मध्ये पती-पत्नी दोघांच्या नावावर दोन म्हशींसाठी एक लाख रुपयांचे कर्ज घेतले होते. त्यांनी ३८,००० रुपये फेडलेही. मग एक म्हैस मेली, दुसरी आजारपणाच्या खर्चासाठी विकली, आणि हप्ते थांबले. पीककर्ज नसल्यामुळे २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत ते बसले नाही. आता नोटीस आली होती १,३८,४०० रुपयांची.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात दोन विचार येतील, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. एक विचार असा : घेतले ते दिले पाहिजे, सही केली आहे, बँक सांगेल तो आकडा खरा, उगाच तोंड उघडू नये. दुसरा विचार असा : बँकच गरिबाला लुटते, मग तिचे कर्ज कशाला फेडायचे? पहिला विचार सज्जनपणाचा वाटतो, दुसरा शूरपणाचा. आमचे म्हणणे असे की दोन्हींत एकच चूक आहे. खरे देणे किती, हा प्रश्न दोन्ही विचार टाळतात.

प्रथम पहिल्या विचाराकडे पाहू.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा पाचवा भाग आम्हाला पुष्कळ छळून गेला. तो न्यायाचे प्रकार सांगतो. वाटणीच्या न्यायात कोण किती योग्य, हे पाहावे लागते. परंतु देण्याघेण्याच्या न्यायात माणूस मोठा की लहान हे पाहायचे नसते. एकाकडून जास्त गेले असेल तर तेवढेच परत करून तराजू सरळ करायचा. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला आणि एक कडक गोष्ट सांगितली : अन्यायाने घेतलेले परत केल्याशिवाय न्याय पुरा होत नाही. जक्कयाने हे न शिकताच ओळखले होते. प्रभू घरी आला तेव्हा ज्याचे ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट देण्याचे वचन त्याने दिले. म्हणून ११८ रुपये ही रक्कम 'किरकोळ' आहे की नाही हा प्रश्नच गौण आहे. बँकेच्या ताळेबंदात ती दिसणारही नाही. मावशींच्या घरात ती सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या असते. न्यायाच्या तराजूत मात्र ती दोन्हीकडे ११८ रुपयेच असते.

कोणी म्हणेल, खाते चालवायला बँकेलाही खर्च येतो. खरे आहे. कर्मचारी आहेत, यंत्रे आहेत, वीज आहे. निलंग्यातल्या शाखेत पेन्शनच्या दिवशी काउंटरवर किती गर्दी असते आणि आत किती थोडी माणसे असतात, हे आपण पाहतो. सेवेचे मोल घेणे अन्याय नाही. ख्रिस्तसभेनेही हा प्रश्न शतकानुशतके चघळला आहे. व्याजाला तिचा कडक विरोध होता. पण पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन बंधूंनी गरिबांसाठी तारण घेऊन कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या. त्या चालवायला थोडे शुल्क घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. शेवटी १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेच्या वेळी पोप दहावे लिओ यांनी निर्णय दिला की पेढी चालवण्याच्या खर्चापुरते शुल्क घेणे योग्य आहे, मात्र त्यातून नफा काढू नये. आजची बँक ही धर्मादाय पेढी नाही, तिने नफा मिळवू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या निर्णयातली कसोटी आजही उपयोगी पडते : हे शुल्क कोणत्या सेवेचे? सेवा दाखवता आली तर शुल्क समजू शकते. पैसे नाहीत म्हणून पैसे कापले, तर ती कोणती सेवा?

आणि देशाचे नियमही याबाबत गप्प नाहीत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये आदेश काढले, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. किमान शिल्लक कमी झाली तर बँकेने खातेदाराला आधी कळवावे, शिल्लक भरण्यास महिन्याची मुदत द्यावी, दंड जेवढी तूट असेल त्या प्रमाणात असावा, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होऊ नये. शिवाय किमान शिल्लक मुळीच न लागणारे मूलभूत बचत खाते उघडण्याची सोय २०१२ पासून आहे. जनधन खाती ही त्यातलीच. मावशींना यातले काहीच कोणी सांगितले नव्हते. म्हणजे 'बँकेचे नियम असतात' हे आमचे वाक्य अर्धेच खरे होते. बँकेवरही नियम असतात.

विचारल्याने काही होत नाही, असे आपण म्हणतो. तेही खरे नाही. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ पासून किमान शिल्लकेचा दंड पुन्हा सुरू केला आणि त्या वर्षी एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत सुमारे १,७७२ कोटी रुपये जमा केले. ही माहिती बाहेर आली, लोकांनी प्रश्न विचारले, दंड टप्प्याटप्प्याने कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये बँकेने तो सर्व बचत खात्यांसाठी काढून टाकला. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही तेच केले. मुंबईच्या आयआयटीत संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आशिष दास यांनी गरिबांच्या मूलभूत खात्यांवरील शुल्कांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. महिन्यात चारपेक्षा अधिक वेळा पैसे काढले वा पाठवले की दरवेळी १७ रुपये ७० पैसे कापले जात, हे त्यांनी उघड्यावर आणले. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने बँकांना सांगितले की १ जानेवारी २०२० पासून डिजिटल व्यवहारांवर असे जे शुल्क घेतले ते परत करा. एका शिक्षकाने हिशेब मांडला, आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नाही अशा लोकांच्या खात्यात पैसे परत आले. सतरा रुपये ही क्षुल्लक बाब आहे असे त्याने मानले नाही, म्हणून हे घडले.

आता आपल्या श्रद्धेच्या बाजूने येणारा आक्षेप. दुसरा गाल पुढे करावा असे प्रभू सांगतो, मग ख्रिस्ती माणसाने तक्रारअर्ज लिहावा का? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण मावशींना घरी पाठवताना आमच्या मनात हेच होते. पण योहानाच्या शुभवर्तमानात पाहा. प्रमुख याजकापुढे उभे असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलट हात उचलत नाही. तो गप्पही बसत नाही. माझे काही चुकले असेल तर ते दाखव, आणि चुकले नसेल तर मला का मारतोस, असे तो विचारतो. सूड घ्यायचा नाही, पण कारण विचारायचे. दुसऱ्या गालाचा अर्थ त्याने स्वतःच्या वागण्यातून असा दाखवला.

शिवाय क्षमा ही जाणून केलेली गोष्ट असते. माझे काय गेले हे मला ठाऊक आहे आणि तरीही मी ते सोडून देतो, याला क्षमा म्हणतात. काय गेले हेच ठाऊक नसताना गप्प बसणे म्हणजे क्षमा नव्हे. ती भीती असते, किंवा लाज. मावशींचे तसेच होते. "कर्जवाल्या बाईनं काय तोंड वर करून बोलावं, फादर?" असे त्या म्हणाल्या. या लाजेबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. व्याज घेणाऱ्यावर इतकी कठोर टीका करणारे संत थॉमस, गरजेपोटी व्याजाने पैसे घेणाऱ्याला मात्र दोषी धरत नाहीत. गरज ही लाजेची गोष्ट नाही. आणि कर्जदाराचा प्रश्न विचारण्याचा हक्क कर्ज घेतल्याने जात नाही.

सहीचे काय? सही केली म्हणजे कागदावरचा आकडा मान्य केला, असे म्हणतात. आपल्या महाराष्ट्राने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारी जमले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा मुख्य रोख होता कर्जखतांवर. खते मिळाली की ती जाळायची. सावकाराने कागद दिले तेथे बहुधा फारशी मारहाण झाली नाही. लोकांचा राग ज्या कागदावर होता, त्यावर त्यांचाच अंगठा होता. पण अंगठा उठवताना काय लिहिले आहे हे त्यांना कळले नव्हते, आणि हातात पडलेल्या रकमेपेक्षा कागदावरची रक्कम कितीतरी मोठी झाली होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात न्यायाधीशाला अधिकार मिळाला की नुसते खत पाहून निकाल न देता व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासावा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा येथे नव्हता. पण त्यामागचा विचार सर्वांचा आहे : संमती म्हणजे समजून दिलेली मान्यता. आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमातही हीच माणुसकी होती. व्याज मुद्दलाच्या वर चढू द्यायचे नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या अल्पमुदत कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेनेही हीच मर्यादा घातली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मावशींनी लेखी अर्ज दिला. पहिल्यांदा तोंडी उत्तर आले, "सिस्टीमच कापते." दुसऱ्यांदा अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. मग कर्जखात्याचा पूर्ण उतारा मिळाला. त्यात तीन गोष्टी निघाल्या. म्हशी राहिल्या नव्हत्या तरी त्यांच्या विम्याचा हप्ता दरवर्षी कर्जात टाकला होता. कोणी तपासणीला आलेले नसताना तपासणी खर्च लावला होता. आणि थकबाकीवरचे दंडव्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावले होते. दंडव्याज असे मुद्दलात मिळवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्येच सांगितले आहे. पुढे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये आदेश काढून दंडव्याज हा प्रकारच बंद केला. एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर फक्त माफक दंडशुल्क लावता येते, आणि त्यावर व्याज लावता येत नाही. तीस दिवसांत उत्तर न आल्याने मावशींनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. तिचा निकाल लागण्याआधीच बँकेने चूक दुरुस्त केली. कर्जातून २१,९०० रुपये कमी झाले, बचत खात्यातले १,६५२ रुपये परत आले. त्या बँकेचे नाव आम्ही येथे देत नाही. आम्हाला कोणाची बदनामी करायची नाही, आणि अशी चूक एकाच बँकेत होते असेही नाही.

येथे गोष्ट संपली असती तर सोपे होते. पण १,३८,४०० मधून २१,९०० गेले तरी १,१६,५०० रुपये उरतात. आता तो दुसरा विचार पुढे येतो. मावशींच्या एका नातेवाइकाने सांगितले, "बँकेची चोरी पकडली ना? आता एक रुपया भरू नका. निवडणुका आल्या की माफी होईल."

बंधुभगिनींनो, हा सल्ला आम्हाला पहिल्यापेक्षाही अधिक धोक्याचा वाटतो. बँकेने २१,९०० रुपये चुकीने लावले, म्हणून घेतलेले एक लाख रुपये मिळालेच नव्हते असे होत नाही. एकाचा अन्याय दुसऱ्याचे कर्तव्य पुसून टाकत नाही. बँकेतला पैसाही बँकेचा नसतो. तो आपल्यासारख्याच कोणाची मुदत ठेव असते, कोणा निवृत्त शिक्षकाची पुंजी असते. कर्ज बुडाले की साहेबांच्या खिशातून जात नाही. जामीनदार शेजाऱ्याच्या घरी नोटीस जाते, आणि पुढच्या गरजू माणसाला कर्ज नाकारले जाते. मग तो सावकाराकडे वळतो. कर्जमाफीविषयी आमचा आक्षेप नाही. २००८, २०१७, २०१९ या वर्षांच्या योजनांनी आपल्या भागातील कित्येक घरांना श्वास घेता आला. दुष्काळात होरपळलेल्या आणि २०१६ मध्ये पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागलेल्या जिल्ह्यात माफीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? पण ज्याला भरणे शक्यच नाही त्याला माफी मिळणे वेगळे, आणि भरता येत असून माफीची वाट पाहत बसणे वेगळे. पहिली दया आहे. दुसऱ्यात आपण शेजाऱ्याचे घेतो आणि त्याला दया म्हणतो.

म्हणून प्रामाणिक माणसाला दोन्ही वाक्ये एकाच श्वासात म्हणता आली पाहिजेत : "हे माझे देणे नाही, ते मी देणार नाही. आणि हे माझे देणे आहे, ते मी फेडीन." पहिले वाक्य म्हणायला धैर्य लागते, दुसरे म्हणायला सचोटी. ज्याला दुसरे म्हणता येते त्याच्या पहिल्या वाक्याला वजन येते. मावशींच्या अर्जात पहिलेच वाक्य होते की कर्ज घेतल्याचे मला मान्य आहे. आम्हाला वाटते, त्या वाक्यामुळेच त्यांचा बाकीचा अर्ज नीट वाचला गेला.

लढण्याची रीतही न्यायाची असावी. अर्जात खोटे लिहू नये, आकडा फुगवू नये. काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नये. नियम तिने केलेले नाहीत, आणि तिलाही संध्याकाळी घरी जायचे असते. पुढाऱ्याचा फोन लावून दबाव आणू नये. जो न्याय ओळखीने मिळतो तो ओळख नसलेल्याच्या वाट्याला येत नाही. उलट बाजूनेही मर्यादा आहेत. तारण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, असे अनुवादाच्या पुस्तकात धनकोला बजावले आहे. गरिबालाही उंबरठा असतो, हा त्याचा अर्थ. आज रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये. कोणी तसे करत असेल तर ते सहन करणे हे सद्गुणाचे लक्षण नाही.

व्यवहाराचे थोडे सांगतो. दर महिन्याला पासबुक भरून घ्या आणि वाचून घ्या. न समजलेली प्रत्येक वजावट लेखी विचारा, प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. भरणे खरोखर अशक्य असेल तर लपू नका. बँकेत जाऊन हप्ते बांधून मागा किंवा एकरकमी तडजोड विचारा. आणि 'मी सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक पैसाही देऊ नका.

आता शेवटचा आणि आम्हाला सर्वांत जड जाणारा मुद्दा. नहेम्याच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात गरीब लोक आक्रोश करतात की आमची शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली. नहेम्या प्रतिष्ठितांना जाब विचारतो आणि घेतलेले परत करायला लावतो. पण तसे करताना तो एक गोष्ट लपवत नाही : आपण आणि आपले भाऊबंदही उसने देत आलो आहोत, हे तो कबूल करतो, आणि सोडून देणाऱ्यांत स्वतःलाही धरतो. आपणही तसेच विचारले पाहिजे. आपल्या धर्मग्रामात शेकडा पाचने पैसे देणारे कोणी नाही का? शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ टक्के. बँकेच्या ११८ रुपयांवर रागावणारे आपण, शेजारणीच्या आजारपणात दिलेल्या दहा हजारांवर महिन्याला पाचशे घेतो तेव्हा आपला तराजू कोठे असतो? २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी ते बरोबर झाले नसते. आपल्यातले काहीजण बँकेत, पतसंस्थेत, बचत गटांच्या वसुलीत काम करतात. त्यांनाही विनंती आहे : वरून आलेले लक्ष्य पुरे करण्यासाठी न कळणाऱ्या माणसाला विमा किंवा कार्ड माथी मारू नका. त्या क्षणी त्या माणसाचा विश्वास तुमच्यावर असतो, बँकेवर नव्हे.

वसईच्या आपल्या बांधवांनी १९१८ मध्ये, मॉन्सिन्यर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने, स्वतःची सहकारी पेढी उभी केली. ती आजची बेसिन कॅथोलिक सहकारी बँक. आपण तेवढे करू शकणार नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर सभागृहात एक टेबल मांडता येईल. आपल्यातले दोन-तीन शिकलेले तरुण तेथे बसतील. कोणीही पासबुक घेऊन यावे, मग तो आपल्या चर्चचा असो वा नसो. ते वाचून दाखवतील, अर्ज लिहून देतील. पैसे कोणी घेणार नाही आणि कोणाचा आकडा बाहेर सांगणार नाही. पुढच्या महिन्यापासून हे सुरू करत आहोत. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी आम्हाला भेटावे.

मावशींनी बँकेत हप्ते बांधून घेतले आहेत. मुलगी थोडा हातभार लावते, त्या स्वतः शिवणकाम करतात. पहिला हप्ता भरून आल्या त्या दिवशी पावती घेऊन त्या आमच्याकडे आल्या. बराच वेळ ती पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "फादर, आता जे राहिलंय ते समदं माझंच हाय ना? मग भरते की. आता भरायला काही वाटंना." आधीही त्या भरतच होत्या, पण भीतीने. आता त्यांना ठाऊक होते की आपण काय देत आहोत आणि का देत आहोत.

त्या पहिल्या दिवशी आम्ही त्यांना जे उत्तर दिले, त्याबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागितली. आज आपणा सर्वांचीही मागतो. आपल्यापैकी कोणी पूर्वी असेच आमच्याकडे येऊन रिकाम्या हाताने परत गेले असेल, तर त्यांनी पुन्हा यावे. येताना पासबुक आणावे.

प्रभू आपणा सर्वांना सत्य विचारण्याचे धैर्य आणि खरे देणे फेडण्याची ताकद देवो.

आपले धर्मगुरू